पडद्यामागची पंगत

"ए कांबळे! खाली ये! त्या पोरीला काय सांगून आलीस गं तू? तुझ्या जिभेला काय हाड हाय का न्हाय?"

खुर्शीद खाला, तुझी-माझी ओळख झाली ती ही अशी. मी नवीकोरी नर्स, अंगावर कडक इस्त्रीची पांढरी साडी, हातात बाळाचा वजनकाटा, आणि नसीमच्या घराचा लाकडी जिना उतरत होते. खाली गल्लीत तू कमरेवर हात ठेवून उभी; नसीमच्या सासूनं खिडकीतून तुला सगळं सांगून झालेलं, माझ्या नावासकट. तुझ्या त्या आवाजानं बागल चौकातल्या रिक्षा जागच्या जागी थांबल्या आणि बिद्रीच्या कारखान्याच्या भोंग्यानं लाजून त्या दिवशी रजा टाकली, असं मी पुढं कित्येक वर्षं सगळ्यांना सांगत आले. तू ऐकलंस की तंबाखूची गोळी गालात सरकवून म्हणायचीस, "झूट. निम्मं झूट." म्हणजे निम्मं खरं, हे तुला मान्य होतं.

"काय झालं मावशी?" मी विचारलं.

"मावशी न्हाय, खाला! आणि काय झालं म्हणून मलाच इचारतीया! बाळंतिणीला नमाज पढ म्हणून सांगून आलीस? बाराव्या दिवशी?"

माझी चूक मला तेव्हा कळलीच नाही. नसीम पहिलटकरीण, वीस-एकवीसची, आईविना वाढलेली, म्हणून पहिलं बाळंतपणही सासरीच. मी दवाखान्यातर्फे घरभेटीला गेले तर ती भिंतीकडे तोंड करून पडलेली. बाळ सासूच्या मांडीवर. बाळाचं वजन घेतलं, ते वाढलेलं होतं. नाळ पाहिली, सुकली होती. मी वहीत सगळं 'ठीक' लिहिलं. निघता निघता नसीम भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणाली, "सिस्टर, अल्लानं माझ्याकडं पाठ फिरवलीया." मला वाईट वाटलं. मी शहाणी! तिच्या पाठीवर हात फिरवून म्हटलं, "असं बोलू नये. रोज नमाज पढ, मन शांत होईल." त्यावर ती जी रडायला लागली ती थांबेना. मला वाटलं, माझे शब्द काळजाला भिडले.

तू मला गल्लीत उभी करून सांगितलंस. बाळंतपणानंतर अंगावरून जात असेतो बाईला नमाज नाही, रोजा नाही, कुराणाला हात लावणं नाही. त्यात रमजानचा दुसरा दिवस. अख्खं घर रोज्यावर आणि ही एकटी पडद्यामागं बसून जेवतीय, चोरून खाल्ल्यासारखी. "तिला आधीच वाटतंय की अल्लाच्या दारातनं तिला भायेर काढलीया," तू म्हणालीस. "आणि तू जाऊन सांगितलंस, दार वाजव म्हणून. जे दार बंद हाय त्येच!"

मी वजनकाटा काखेत मारून उभी. इंजेक्शन, टाके, लसी, सगळं शिकून आलेली. हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

"मग मी काय सांगायला हवं होतं?"

तू माझ्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलंस. "तू जेवलीस काय, हे इचारायचं हुतंस. बाळ पितंय का, बाळ शी करतंय का, बाळाचं वजन किती. समदी बाळाचंच इचारत्यात. ती पोरगी काय बाळाचं दप्तर हाय व्हय?"

खाला, नोकरीतलं माझं खरं ट्रेनिंग त्या गल्लीत झालं.

*

तू कोण होतीस हे लोकांना सांगायचं तर काय सांगू? बाळंतिणींना न्हाऊ-माखू घालणारी बाई, एवढंच लिहिलं तर तू कबरीतून उठून येशील. तुझ्या मालिशीच्या हातांखाली राधानगरीचं धरण ठेवलं असतं तर तेही पाझरलं असतं. अर्ध्या कोल्हापूरला तू पायांवर पालथं घालून आंघोळ घातली होतीस, आणि उरलेल्या अर्ध्याला धमकी देऊन ठेवली होतीस. एकदा माझ्या मोपेडवर मागं बसून येत होतीस तेव्हा सिग्नलला हवालदारानं अडवलं. माझ्याकडं लायसन नव्हतं. तू खाली उतरलीस, त्याचा गालगुच्चा घेतलास आणि चौकात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस, "महिन्याचा हुतास तवा माझ्या पायावर किती येळा मुतलास, मोजू का?" त्यानं आम्हाला रस्ता मोकळा करून दिला. खालीच मान घालून. तो त्याच गल्लीतला होता का, याची मला अजूनही शंका आहे. तुलाही असावी.

पण नसीमच्या घरात तुझा आवाज वेगळा असायचा. त्या दिवशी तू माझ्या दंडाला धरून मला परत जिना चढायला लावलंस. नसीमच्या उशाशी बसलीस. तिचे केस सोडले, तेल घातलं, नुसती बोटं फिरवत बसलीस. मग माझ्याकडं बोट केलंस.

"ही कांबळे बघितलीस? हिला पोर झालं की दवाखान्यातनं रजा मिळणार. भरपगारी. तवा ही काय रडत बसणार हाय व्हय, सायबानं मला हाकललं म्हणून?"

तू तिच्या केसांचे तीन पेड केलेस.

"तुझीबी रजाच हाय, बेटा. त्येनंच दिलीया. बाईचं अंग त्येनंच घडवलंय, त्येला ठावं हाय तुला काय झालंय ते. रजेवर असल्यावर सायेब वळख इसरत न्हाय."

मी ते उदाहरण पुढं इतक्या जणींना सांगितलं की आता ते माझंच झालंय. तुझ्या हयातीत हे मी कबूल केलं नाही.

अजान झाली. तू जानमाज, नमाजाची चटई, अंथरलीस आणि शेजारी एक साधी धुतलेली चादर. नसीमला हात धरून त्या चादरीवर बसवलंस. "तू नुसती बस. नमाज माझी, बसणं तुझं. तोंडानं त्येचं नाव घ्यायला, दुवा मागायला कुणाची मनाई न्हाय." तू उभी राहिलीस, वाकलीस, टेकलीस. नसीम बसून होती, ओठ मिटलेले. मी दारात. शेवटी तिचे ओठ हलले का, हे मला दिसलं नाही. तू मात्र ठासून सांगायचीस की हलले. तू डोकं जमिनीला टेकवून होतीस खाला, तुला कसं दिसलं?

*

मग आमची ती पंगत सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू मला गाठलंस. "तू काय रोजा धरलायस काय?"

"मी कशाला रोजा धरू?"

"मग चल. नसीमसंगं जेवायला बस."

तुझा हिशेब सरळ होता. घरात कोण तिच्या ताटाला ताट लावून बसणार? सगळ्यांचा रोजा. तुझाही. जी बसू शकत होती ती मी एकटी, गडमुडशिंगीची बौद्ध नर्स. "अल्लानं तुला उगंच न्हाय धाडली," तू म्हणालीस. मी म्हटलं, मला दवाखान्यानं धाडलंय. तू म्हणालीस, "दवाखान्याला कुणी सांगितलं?"

मग रोज दुपारी पडद्यामागं आम्ही दोघी. घरातली पोरं शाळेत, पुरुष कामावर, सासू पलीकडे तसबीहचे मणी ओढत. तू समोर बसून वाढायचीस. तोंडात पाण्याचा थेंब नाही आणि हातात कालवणाचं पातेलं. सुंठ-ओवा-गुळाची अछवानी, मऊ भात, पायाचं सूप, खिमा. मला म्हणायचीस, "मोठ्यानं जेव. भुरका मार. तिला एकटीनं खाल्ल्यासारखं वाटू नये." सरकारी नोकरीत भुरके मारायची ड्यूटी लागलेली मी राज्यातली पहिलीच नर्स असेन. त्या महिन्यात माझं वजन इतकं वाढलं की मोपेडच्या मागच्या चाकानं राजीनामा दिला. हे निम्मं झूट. निम्मं.

पहिल्या दिवशी नसीमनं दोन घास खाल्ले. तिसऱ्या दिवशी चार. पाचव्या दिवशी माझा भुरका ऐकून तिनं माझ्याकडं बघितलं. फक्त बघितलं. तू वाढता वाढता माझ्या दंडाला चिमटा काढलास, मला काळंनिळं होईपर्यंत. पण बाळाकडं ती बघत नव्हती. पाजायला घ्यायची तेव्हाही नजर खिडकीत. पोरीचं नाव सना ठेवलं होतं, पण नसीम 'ती' म्हणायची. "ती रडतीया." शेजारच्या घरातलं कुणी रडत असल्यासारखं.

मला भीती वाटायला लागली होती. मी दवाखान्यात अशी एक बाई पाहिली होती, तिचं पुढं काय झालं ते तुला मी एकदाच सांगितलं, आणि तू कानांवर हात ठेवलेस. मी आमच्या डॉक्टर मॅडमना टाके बघायच्या निमित्तानं घेऊन आले. मॅडमनी नसीमशी एकांतात बराच वेळ बोलून बाहेर येऊन सगळ्यांना स्पष्ट सांगितलं: हा आजार आहे, बाळंतपणानंतर होतो, गोळ्या घ्याव्या लागतील, अंगावर पाजणारीला चालतील अशाच देते.

सासू उठून उभी राहिली. "माझी सून येडी न्हाय."

आणि तू, खाला, तू! माझ्या बाजूनं बोलशील म्हणून मी तुझ्याकडं बघितलं, तर तू सासूच्या शेजारी जाऊन उभी राहिलीस. "व्हय की. पोरीला माणूस लागतंय, गोळ्या कशाला?"

मी गोळ्यांची पट्टी फडताळात डब्यांमागं ठेवून निघून आले. दोन दिवसांनी बघितलं तर पट्टी गायब.

"गोळ्या कुठायत?"

"गटारीत," तू म्हणालीस. सासूच्या देखत. सासू मान डोलवत होती.

त्या दिवशी मी तुझ्यावर जी ओरडले, तशी मी माझ्या नवऱ्यावरही कधी ओरडले नाही, आणि त्यानं त्याची पात्रता तुझ्याहून जास्त वेळा सिद्ध केलीय. पण मीही हट्टी. दर आठवड्याला नवी पट्टी आणून तिथंच ठेवायची. दर आठवड्याला ती गायब. "कुठं गेली?" "गटारीत." त्या गटारीतल्या उंदरांइतके आनंदी उंदीर त्या काळात देशात कुठंच नसतील.

*

बाळंतपणाच्या सव्विसाव्या दिवशी नसीमचं रक्त थांबलं. तिनं तुलाच सांगितलं, कारण तूच विचारायचीस. गल्लीचा नियम होता, चिल्ल्याचे चाळीस दिवस भरल्याशिवाय न्हाणं नाही, नमाज नाही. तुला शंका आली. तू तडक मशिदीच्या दारात जाऊन मौलानासाहेबांना बाहेर बोलावलंस. तू सांगायचीस, ते पुढच्या दारानं यायच्याऐवजी मागच्या दारानं निघाले होते, तू तिथंही होतीस. ते बिचारे सज्जन. दाराआडून पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, रक्त थांबलं की गुसल, म्हणजे पाक होण्याची आंघोळ, करायची, गुसल झालं की नमाज सुरू. चाळीस ही वरची हद्द, ती काही शिक्षा नाही.

तू गल्लीभर तो निरोप सांगत फिरलीस. सासू म्हणाली, "आमच्यात चाळीसच असत्यात." तू म्हणालीस, "तुमच्यात म्हंजे कुणात? मौलानासायबास्नी जाऊन इचार, मी मागच्या दाराला हुबी ऱ्हाते."

नसीमला तू न्हाऊ घातलंस. तिनं नमाज पढली. तुझ्या जानमाजेशेजारी, त्याच जागेवर, आता चादरीऐवजी तिच्या स्वतःच्या जानमाजेवर. बराच वेळ डोकं वर उचललंच नाही. तू भिंतीला टेकून बसली होतीस आणि तुझ्या डोळ्यांतून पाणी. मी विचारलं तर म्हणालीस, शेगडीचा धूर. शेगडी विझून तास झाला होता.

त्यानंतरच्या आठवड्यात ते झालं. मी पुन्हा पट्टी घेऊन आले होते, तू पुन्हा 'गटारीत' म्हणालीस, आणि आपण दोघी सुरू झालो. मी म्हटलं, तू तिचा जीव धोक्यात घालतीयस. तू म्हणालीस, तुझ्या पुस्तकात माणसं नसत्यात. भांडी वाजायला लागली. खालच्या दुकानदारानं फळी लावून घेतली.

पडदा बाजूला झाला. नसीम उभी.

"आवाज बारीक करा दोघीबी," ती म्हणाली. "माझी पोरगी झोपलीया."

माझी पोरगी. खाला, तू आणि मी एकमेकींकडं बघितलं. मग तू तोंडाला पदर लावून जिन्यात जाऊन बसलीस. मी पण. आपण दोघी अर्धा तास त्या जिन्यात बसलो. तुझ्या आयुष्यातली ती एकमेव अर्ध्या तासाची शांतता. ईदला सनाच्या अंगावर नवा फ्रॉक होता, नसीमनं स्वतः शिवलेला, एक बाही लांब आणि एक आखूड.

*

मग दहा वर्षं आपण भांडलो. "बघ," तू म्हणायचीस, "तुझ्या एका गोळीबिगर बरी झाली." मी म्हणायचे, नशीब म्हणून. दुसरीचं असं होणार नाही. तू म्हणायचीस, दुसरीसंगंबी जेवायला बस. तेवढं मात्र आपण केलं. किती घरांत, किती दुपारी, तू वाढलंस आणि मी जेवले. एक गोष्ट मात्र मला तेव्हाही खटकायची. जी बाळंतीण जास्तच कोमेजलेली दिसेल तिला तूच म्हणायचीस, "आदी त्या कांबळेच्या डॉक्टरणीकडं जाऊन ये. न्हायतर ही बया माझं डोकं खाईल." मला वाटायचं, म्हातारी नरमली.

आणि माझं पोर झालं तेव्हा? गडमुडशिंगीला, माझ्याच घरात, मी पण भिंतीकडे तोंड करून पडले होते. इतकं सगळं माहीत असून. मी कुणाला सांगितलं नव्हतं. तुला कुणी सांगितलं हे आजही कळलेलं नाही. तू एस.टी.नं आलीस, गुडघेदुखीला शिव्या देत, काखेत अछवानीचा डबा. आल्या आल्या विचारलंस, "तू जेवलीस काय?" मी रडायला लागले. मग तू भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडं बघितलंस आणि माझ्या सासूला विचारलंस, "तुमच्यात काय म्हणत्यात? बसून?" सासूनं मेणबत्ती लावली. मी त्रिशरण म्हटलं, अडखळत. तू शेजारी, डोक्यावर पदर घेऊन, ओठ मिटून बसलीस. बसणं तुझं.

जाताना उशाशी ठेवलेल्या गोळ्यांकडं बोट केलंस. "ह्या खातीयस का तूबी गटारीत टाकतीयस?" मी हसले. तुझे आभार मानायचे राहिले. तुला आभार मानले की तू विचारायचीस, ताप हाय का अंगात.

*

काल तुझी तिसऱ्या दिवसाची जियारत झाली. मी गेले होते. पुरुष कबरस्तानातून येऊन बसले होते, बायका आतल्या खोलीत. मध्ये पांढरी चादर, तीवर खजुराच्या बियांचा ढीग, एकेक बी उचलून बायका तुझ्यासाठी पढत होत्या. मी दाराशीच उभी राहिले. नसीमनं हाताला धरून मला बसवलं आणि मूठभर बिया माझ्या ओंजळीत घातल्या. "तुमचं तुम्ही म्हणा," ती म्हणाली. मी म्हटलं. सना शेजारी बसली होती, दोन वेण्या, नाक तुझ्यासारखं वर करून. तू तिच्या नात्यातली नाहीस तरी नाक तुझंच आहे, हे मी छातीठोक सांगते. ह्यात मात्र काही झूट नाही.

सगळ्या उठून गेल्यावर मी नसीमजवळ सरकले. तिची सासू, जिला ती अम्मा म्हणायची, जाऊन तीन वर्षं झाली, आता कुणापासून काही झाकायचं नव्हतं. आणि खाला, भांडायला आता तू उरली नव्हतीस, म्हणून मी तिच्याशी भांडले.

"खरं सांग नसीम. खाला चांगलीच होती, मी कुठं नाही म्हणते? पण त्या गोळ्या पोटात गेल्या असत्या तर तू किती सुखानं बरी झाली असतीस. इतकी माया होती, तर तिनं त्या गटारीत का टाकल्या? दहा वर्षं मी तिला विचारतीय, दहा वर्षं ती हसतीय."

नसीम चादरीवरच्या बिया गोळा करत होती. मान वर न करता म्हणाली,

"गोळ्या खालाच द्यायची की, सिस्टर. अम्मा रोजा सोडायला बसली की. रमजान संपल्यावर चहाबरोबर."